टॉवर हटला, फोन तापला

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगनंतरचा तापलेला विषय म्हणजे समोरच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवर. "झोप लागत नाही, हटवाच तो," म्हणणाऱ्या काकांचा फोन सभाभर कानाला होता. काकांना मी हसत नाही. शंका रास्तच आहे, रोख तेवढा चुकला.

टॉवरचा अँटेना कंदिलासारखा चोहीकडे उजेड सांडत नाही. दीपगृहासारखा त्याचा झोत समोर जातो, किंचित खाली कललेला. त्यामुळे अगदी पायथ्याशी लहरी कमीच पोचतात. पुढे अंतर दुप्पट झालं की तीव्रता पाव होते. समजा, झोताच्या दिशेनं हजार वॅटच्या तोडीचा अँटेना आहे. १०० मीटरवर, ऐन झोतात, दर चौरस मीटरला साधारण ०.००८ वॅट मिळतात. भारतानं सप्टेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लावली, ती ९०० मेगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या लहरींसाठी दर चौरस मीटरला ०.४५ वॅट होती. म्हणजे पन्नास पटींहून अधिक मोकळीक.

फोन मात्र कानाला चिकटलेला. शिवाय त्याला आवाज कमीजास्त करता येतो: टॉवर जवळ असला की कुजबुजतो, लांब गेला की ओरडतो. लिफ्टमध्ये किंवा घाटात एसटीत बसल्यावर बॅटरी भराभर उतरते, त्यामागे हेही एक कारण. टॉवर हटवून आपण हातातल्याच यंत्राला ओरडायला लावतो!

'रेडिएशन' म्हटलं की एक्स-रे आठवतो, पण मोबाइलच्या रेडिओ लहरींच्या फोटॉनची (म्हणजे लहरीतल्या ऊर्जेच्या एका पुडीची) ऊर्जा साध्या उजेडाच्या फोटॉनपेक्षाही लाखो पटींनी कमी. डीएनएचे बंध तोडणं तिच्या आवाक्याबाहेरचं. पेशींना ऊब देणं तेवढं जमतं. म्हणूनच फोनसाठी मर्यादा आहे ती शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेवर: किलोमागे १.६ वॅट, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून.

मग २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात का टाकल्या? पुरावा अपुरा, पण शंका पुरती फिटलेली नाही, अशांचा तो गट. पूर्व आशियातल्या पारंपरिक खारवलेल्या भाज्याही त्यातच आहेत. (आपली कैरीची फोड नव्हे, घाबरू नका.) पुढे त्याच संघटनेसाठी ६३ अभ्यास एकत्र तपासले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आढाव्यात, दहा वर्षांहून जास्त फोन वापरणाऱ्यांतही मेंदूच्या कर्करोगाशी संबंध दिसला नाही.

तरी धाकधूक असेल, तर इअरफोन लावा. डोक्यापासून हातभर लांब गेलेला फोन सेंटिमीटरवरच्या फोनपेक्षा कितीतरी कमी ऊर्जा डोक्यात पोचवतो. काकांना हे सांगितलं. ते म्हणाले, "इअरफोनच्या वायरीतून येत नाही ना पण?"