आधी मुलं शिकली, मग आईबाप

गोव्यातल्या ख्रिस्ती घरात श्रद्धा आजीकडून, आईबापांकडून मुलांकडे येते. सुरुवातीला मात्र ही वाट उलटी होती. ६ मे १५४२ रोजी जेझुइट धर्मप्रसारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले आणि घंटा वाजवत रस्त्यारस्त्यांतून मुलांना गोळा करू लागले. 'दोतोर्न', म्हणजे धर्मशिक्षण, आधी बसलं ते मुलांच्या तोंडी. पुढे मोत्यांच्या किनाऱ्यावर, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यावर, तर त्यांनी मुलांना सांगूनच टाकलं, शिकलात ते घरी आईवडिलांनाही शिकवा.

याच काळातली एक जखम झाकून ठेवू नये असं मला वाटतं. १५५९ च्या पोर्तुगीज राजाज्ञेने अनाथ हिंदू मुलं घरापासून तोडून ख्रिस्ती संस्थांच्या हवाली केली. पाठोपाठ १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा तपास करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, आलं.

मोठ्या माणसांची अडचण ओळखली ती १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी. मुलांना दोतोर्न पाठ होतं, पण आईबापांची पुराणं सुटली होती आणि त्या जागी काहीच आलं नव्हतं. स्टीफन्स यांनी ती जागा भरली, तीही मराठी ओवीने. जवळजवळ ११ हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला (राशोल) छापलं गेलं. लिपी रोमन, चाल मात्र आपल्या जात्यावरची! त्यांचं कोंकणी दोतोर्न १६२२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर निघालं.

१६८४ मध्ये फर्मान निघालं, तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. तरी खेड्यापाड्यांतल्या घरांत कोंकणी टिकलीच. पुढे १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्ये होई, म्हणजे चर्चमध्ये पोराच्या कानावर पडे ते बहुतेक न कळणारं. अर्थ कळे तो घरी, संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला.

ते दृश्य आजही काही घरांत दिसतं. ओरातोरापुढे, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यापुढे, मेणबत्ती, पुढे डुलक्या घेणारी लहानगी, आजीच्या बोटांतून सरकणारे मणी. तेर्स संपला की धाकटे एकेक करून मोठ्यांपुढे येतात, हात जोडून म्हणतात, "बेसांव दी," म्हणजे आशीर्वाद दे. आजी कपाळावर खुरीस, म्हणजे क्रूस, काढते, आणि मगच पानं वाढली जातात.