लाकडी गाडीपूल

लाकडी गाडीपूल : बैलगाडी, जीप किंवा ट्रॅक्टर-ट्रॉली नाल्यापलीकडे नेता यावी म्हणून लाकडी तुळया व फळ्यांचा बांधलेला आखूड पूल. इंदूरच्या मराठी बोलण्यात नाल्यावरच्या कोणत्याही लहान पुलाला सर्रास ‘पुलिया’ म्हणतात. पुराचे पाणी अंगावरून जाऊ देणारा ठेंगणा बांध तो ‘रपटा’. गाडीपूल रपट्यासारखा पाण्याखाली जाण्यासाठी नसतो. त्याच्या तुळया पुराच्या खुणेच्या वरच राहिल्या पाहिजेत, नाहीतर वाहून आलेली झाडे-काटक्या त्यांना अडकतात आणि पाण्याचा सगळा रेटा पुलावर येतो. पुराची ही खूण काठावरच्या झाडांना अडकलेल्या गवतावरून, त्याहून चांगली म्हणजे शेजारच्या जुन्या शेतकऱ्याकडून कळते.

लाकूड कोणते, हा प्रश्न सर्वजण आधी विचारतात. माळव्यात आधी विचारायचा प्रश्न काठाचा आहे. इथली काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हातभर खोल भेगाळते. अशा मातीवर नुसता ओंडका टेकवून त्यावर तुळया ठेवल्या तर दोन-तीन पावसाळ्यांत एक बाजू खचते, पूल पिळवटतो, बोल्ट लाकूड फाडून बाहेर येतात. लाकूड शाबूत असूनही पूल निकामी होतो. म्हणून काळी माती पूर्ण खणून काढून मुरूम किंवा काळा खडक लागेपर्यंत खाली जावे आणि तिथून दगडी भिंत उचलावी. भिंतीमागे तीच काळी माती परत लोटू नये. दगड-मुरूम भरावा आणि आतले पाणी निघून जायला भिंतीत भोके ठेवावीत. पाण्याच्या बाजूला पायाशी मोठे दगड रचले म्हणजे धार पाया पोखरत नाही. खर्चाचा आणि मेहनतीचा मोठा वाटा इथे जातो व तो जाऊ द्यावा. इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत. जमिनीशी दगड आणि वर लाकूड ही मांडणी पुलालाही तशीच लागू पडते.

तुळई नेहमी उभी, म्हणजे छेदाची मोठी बाजू वर-खाली येईल अशी बसवतात. समजा दोन भिंतींमधले अंतर ४ मीटर आहे आणि एका तुळईच्या मधोमध १ टन भार आला. १५ × ३० सेंमी. छेदाची तुळई उभी असेल तर वाकण्यामुळे तिच्या लाकडावर दर चौ. सेंमी.ला सुमारे ४४ किग्रॅ. ताण येतो. तीच आडवी ठेवली तर सुमारे ८९ किग्रॅ., आणि बाक चौपट. यात पुलाचे स्वतःचे वजन व चाकांचे हिसके धरलेले नाहीत. भाराचा हिशेब ट्रॅक्टरवर नव्हे, गव्हाने भरलेल्या ट्रॉलीवर करावा. चाकांच्या रेषेखाली जोडतुळया घालतात.

हरदा-बैतूलकडचा साग यासाठी उत्तम. मात्र झाडाचा गाभाच टिकतो, सालीलगतचा पांढरट भाग वाळवी सोडत नाही. वरच्या फळ्यांसाठी रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर मिळाले तर सोन्याहून पिवळे. ब्रॉडगेजचा स्लीपर २७५ × २५ × १३ सेंमी. असतो, म्हणजे तो आडवा टाकला की एका गाडीपुरती रुंदी जवळजवळ आपसूक मिळते. डांबरी तेल पाजलेले स्लीपर जनावरांच्या पाणवठ्यावर मात्र नकोत. फळ्यांमध्ये करंगळीएवढी फट ठेवतात. त्यांच्यावर चाकांखाली लांबीच्या दिशेने आणखी दोन पट्टे ठोकले की चाकोरी तयार होते; झीज तिचीच होते आणि ती बदलणे सोपे असते. कडेला दोन्हीकडे जाड ठोकळे हवेत, म्हणजे अंधारात चाक घसरून खाली जात नाही.

लाकडात सुमारे २० टक्क्यांहून जास्त ओल टिकली की बुरशी धरते. पाणी सर्वांत लवकर शिरते ते तुळयांच्या कापलेल्या टोकांतून, म्हणून टोके मातीत कधीच गाडत नाहीत. भिंतीवर डांबरी कागद, त्यावर तुळई आणि टोकामागे वारा खेळेल एवढी मोकळी जागा, अशी रचना करतात. बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले घ्यावेत.

कामाचा काळ मार्चपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत. तेव्हा नाला आटलेला असतो, गहू निघालेला असतो आणि सोयाबीनच्या पेरणीला अवकाश असतो. नाल्याची जागा बहुधा सरकारी नोंदीत असते, त्यामुळे पंचायतीला व पटवाऱ्याला आधी विचारणे आवश्यक.

पावसाळा ओसरला की फटींतला चिखल-पाला काढतात, बोल्ट पुन्हा आवळतात आणि भिंतीवर टेकलेल्या टोकांत पेचकस (स्क्रू-ड्रायव्हर) खुपसून पाहतात. तो सहज आत गेला तर ती तुळई पुढच्या ट्रॉलीच्या आधी बदलावी लागते.