साडेएकोणीस तासांचं वर्ष

सिंह राशीतला मघा हा ठळक तारा शोधा. हात लांब करून अंगठा आणि करंगळी ताणा आणि साधारण एक वीत दक्षिणेकडे सरका. तिथे तुम्हाला काहीही दिसणार नाही. वास्प-43 हा तारा तिथेच आहे, पण नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या ताऱ्याहूनही तो तीनशे पटींपेक्षा जास्त मंद आहे. अंतर सुमारे 280 प्रकाशवर्षं, जात नारिंगी बटुताऱ्याची. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सियसचा, तर याचा साधारण 4200 अंशांचा, म्हणून रंग नारिंगी. व्यासही सूर्याच्या दोन-तृतीयांशच.

अशा किरकोळ ताऱ्याकडे कोण कशाला बघेल? बघितलं ते दक्षिण आफ्रिकेतल्या सदरलँडच्या वेधशाळेने, तेही कॅमेऱ्याच्या आठ लेन्स एकत्र बसवून. एका वेळी हजारो ताऱ्यांचा प्रकाश मोजत राहायचा, एवढंच तिचं काम. हा तारा दर साडेएकोणीस तासांनी तासाभरासाठी अडीच टक्क्यांनी मंदावत होता. गुरूएवढा, पण गुरूच्या दुप्पट वजनाचा ग्रह त्याच्यासमोरून जात होता. हा शोध 2011 मध्ये जाहीर झाला. ताऱ्याचा लहानपणा इथे कामी आला. गुरूएवढा ग्रह सूर्यासमोरून गेला, तर प्रकाश एका टक्क्यानेच घटतो.

साडेएकोणीस तास म्हणजे तिथलं पूर्ण वर्ष. आपल्या एका वर्षात तिथली जवळपास 450 वर्षं उलटतात. ग्रह ताऱ्यापासून जेमतेम 23 लाख किलोमीटरवर आहे, सूर्य आणि बुध यांच्यातल्या सरासरी अंतराच्या पंचविसाव्या हिश्श्यावर. तिथल्या आकाशात हा तारा आपल्या सूर्याच्या चाळीस पट रुंद दिसेल. मघाशी मोजलेली वीत आठवते? ती पुरी पसरली तरी तो झाकला जाणार नाही.

इतक्या जवळच्या ग्रहाला स्वतःभोवती मोकळेपणाने फिरता येत नाही. चंद्राची एकच बाजू जशी आपल्याकडे असते, तशी या ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे. अर्ध्या भागात न संपणारा दिवस, अर्ध्यात न संपणारी रात्र.

हे सगळं ठीक, पण ग्रह वेगळा दिसतच नाही. मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतही तारा आणि ग्रह मिळून प्रकाशाचा एकच ठिपका. मग तिथलं हवामान कळणार कसं? मला या साऱ्या प्रकरणात सगळ्यात आवडतो तो हा भाग. ताऱ्याभोवती फिरताना ग्रहाला चंद्रासारख्या कला येतात. कधी तापलेली बाजू आपल्याकडे वळते, कधी काळोखी. ग्रह ताऱ्याच्या मागे गेला की उरतो तो निव्वळ ताऱ्याचा प्रकाश. एकूण प्रकाशातून तो वजा केला की ग्रहाचा वाटा हाती येतो. अवरक्त प्रकाशातसुद्धा, म्हणजे तापलेल्या वस्तूंतून निघणाऱ्या पण डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, हा वाटा फार फार तर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. जेम्स वेब दुर्बिणीने तो दर दहा सेकंदांनी, सलग चोवीस तासांहून जास्त वेळ मोजला.

निष्कर्ष 2024 मध्ये आले. दिवसाची बाजू सुमारे 1250 अंश सेल्सियस, म्हणजे तांबं वितळेल इतकी. रात्रीची बाजू 600 अंश. कधीच ऊन न पडणाऱ्या बाजूला एवढी उष्णता येते ती वाऱ्याबरोबर. ढग नसते तर आपल्याला ही बाजू आणखी उजळ दिसली असती, पण वर दाट ढगांचा थर आहे आणि तो खालची उष्णता अडवतो.

वाऱ्याचा वेग कळायला मदत झाली ती न सापडलेल्या एका वायूमुळे. रात्रीच्या बाजूच्या तापमानाला कार्बनचा मिथेन व्हायला हवा. पण मिथेनची खूण कुठेच नाही, कारण तो तयार व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ वारा देतच नाही. ताशी आठ हजार किलोमीटरच्या वेगाने तो हवा अंधारातून ओढत नेतो आणि मिथेन बनायच्या आत पुन्हा उन्हात आणून सोडतो.