दीर्घिकाबाह्य रेडिओ उद्गमांची सूक्ष्मतरंग सर्वेक्षणे

आकाशगंगेपलीकडील तेजस्वी रेडिओ उद्गमांचे, साधारणपणे १० ते काहीशे गिगॅहर्ट्झ कंप्रतांवर केलेले पद्धतशीर मापन. केंब्रिजच्या ३सी सूचीसारख्या (१९५९, १५९ मेगॅहर्ट्झ) नीच कंप्रतेच्या सूचींत रेडिओ दीर्घिकांच्या पसरट खंडांचे (दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्या रेडिओ-प्रारक ढगांचे) प्राबल्य आहे. खंडांतील प्रारण कंप्रतेबरोबर झपाट्याने क्षीण होते. त्यामुळे सूक्ष्मतरंगांत क्रम पालटतो आणि ३सी २७३, ३सी २७९ यांसारख्या क्वासारांचे (अतिशय तेजस्वी दीर्घिका-केंद्रांचे) व ब्लेझरांचे (ज्यांचा द्रव्यझोत आपल्या दिशेने रोखलेला असतो अशा केंद्रांचे) संहत गाभे वरचढ ठरतात.

या गाभ्यांचा वर्णपट जवळजवळ सपाट (म्हणजे निरनिराळ्या कंप्रतांवर तीव्रता साधारण सारखी) का, हा जुना वाद आहे. सिंक्रोट्रॉन स्वशोषण होणाऱ्या (चुंबकीय क्षेत्रातील वेगवान इलेक्ट्रॉनांनी सोडलेले प्रारण स्वतःच शोषून घेणाऱ्या) एकाच ढगाचा वर्णपट शिखर गाठून उतरावयास हवा. एका मतानुसार निरनिराळ्या आकारांच्या अनेक घटकांची शिखरे शेजारी-शेजारी येऊन बेरीज सपाट होते. असा योग इतक्या उद्गमांत जुळावा, हे मात्र पटण्यास कठीण आहे. ब्लँडफर्ड व कोनिगल (१९७९) यांनी त्याऐवजी शंकूप्रमाणे रुंदावणारा अखंड झोत मानला. कंप्रता वाढेल तसा झोताचा मुळाकडचा भाग पारदर्शक होतो आणि सपाटपणा आपोआप येतो. कंप्रतेनुसार गाभ्याचे स्थान सरकते, असे व्यतिकरणमापनात (दूरदूरच्या दुर्बिणी जोडून केलेल्या सूक्ष्म निरीक्षणात) दिसत असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि उद्रेकांच्या वेळी स्वतंत्र घटकही दिसतात. सुमारे ७० गिगॅहर्ट्झपुढे अनेक वर्णपट अधिक उतरते होतात, असे प्लांक उपग्रहाच्या मापनांतून आढळले.

ब्लेझर काही महिन्यांतही लक्षणीय बदलतात. वेगवेगळ्या वर्षांची मापने जोडून काढलेला वर्णपट म्हणूनच फसवा ठरू शकतो. सर्व कंप्रतांवरील मापने एकाच सुमारास व्हावीत, हा समकालिकतेचा आग्रह यातूनच आला. ऑस्ट्रेलियातील २० गिगॅहर्ट्झ सर्वेक्षणात (२००४–०८) दक्षिण आकाशातील ५,८९० उद्गम नोंदले गेले. त्यांपैकी बहुसंख्यांचे ५ व ८ गिगॅहर्ट्झवरील मापन जवळपास त्याच सुमारास झाले, हे त्याचे खरे मोल. उत्तरेकडे १५ गिगॅहर्ट्झवरील केंब्रिजची सर्वेक्षणे अधिक संवेदनशील, पण आकाशाच्या लहान भागांपुरती आहेत.

डब्ल्यूमॅप (२००१; २३–९४ गिगॅहर्ट्झ, पाच पट्टे) व प्लांक (२००९; ३०–८५७ गिगॅहर्ट्झ, नऊ पट्टे) या उपग्रहांनी संपूर्ण आकाश पाहिले. विश्वपार्श्वभूमी प्रारणाच्या (महास्फोटानंतर उरलेल्या, सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मतरंगांच्या) मानचित्रांतून हे बिंदुवत उद्गम वगळावे लागतात, म्हणून त्यांच्या सूची झाल्या. प्लांकची शलाका (एका वेळी टिपला जाणारा आकाशाचा भाग) ३० गिगॅहर्ट्झवर सुमारे अर्धा अंश रुंद असल्याने मंद उद्गम पार्श्वभूमीच्या चढउतारांत हरवतात. मात्र प्लांकच्या बहुतेक पट्ट्यांचे अंशांकन (मोजमापाची पट्टी ठरविणे) पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीमुळे पार्श्वभूमीत दिसणाऱ्या द्विध्रुवावर (एका दिशेला किंचित तेजस्वी, विरुद्ध दिशेला मंद अशा फरकावर) बेतलेले असल्याने, भूस्थित दुर्बिणींची अभिवाह-मापने (उद्गमाकडून येणाऱ्या प्रारणाच्या तीव्रतेची मापने) पडताळण्यास या सूची विशेष उपयोगी पडल्या.