चेंडू अंगाला लागला की बेस का मिळतो?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत शालेय सॉफ्टबॉलचा सामना असला की कडेला बसलेल्या पालकांत एक प्रश्न हमखास निघतो. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचा, चेंडू मुलीच्या दंडाला लागतो, पंच तिला पहिल्या बेसवर, म्हणजे धावेतल्या पहिल्या थांब्यावर, पाठवतात आणि कुणीतरी म्हणतं, "बॅट लागली नाही, मग बेस कसला?" आपली नजर क्रिकेटवर तयार झालेली. तिथे अंगावर आलेला चेंडू बॅटरनेच सांभाळायचा. पायचीत होण्याची भीती त्याला, मिळाली तर एखादी लेगबाय. सॉफ्टबॉलमध्ये हाच चेंडू पिचरची चूक ठरतो, आणि तसं का ठरलं याचं उत्तर १९व्या शतकातल्या अमेरिकन बेसबॉलमध्ये आहे.

सुरुवातीच्या बेसबॉलमध्ये पिचर हात खाली ठेवूनच चेंडू द्यायचा. पुढे तर बॅटर उंच हवा की खाली हवा हेही मागून घ्यायचा. चेंडू मारायला मिळावा हाच हेतू असल्यावर अंगाला लागण्याचा नियम कुणाला सुचणार? मग वेग वाढला, पिचर बॅटरला फसवायला लागले आणि १८८४ मध्ये नॅशनल लीग या व्यावसायिक लीगने खांद्यावरून चेंडू टाकायलाही मुभा दिली. प्लेटजवळ, म्हणजे ज्या पाटीशी उभं राहून चेंडू मारायचा तिच्याजवळ, उभ्या बॅटरला मागे रेटायचं तर अंगावर चेंडू टाकणं सगळ्यात सोपं, कारण त्याला शिक्षाच नव्हती. सिनसिनाटीचा पिचर विल व्हाइट त्यासाठी ओळखला जायचा. अखेर १८८४ मध्येच अमेरिकन असोसिएशन या दुसऱ्या लीगने अशा बॅटरला पहिला बेस द्यायला सुरुवात केली. नॅशनल लीगमध्ये हा नियम १८८७ साली आला, आणि त्याच वर्षी उंच-खाली मागायचा बॅटरचा हक्क गेला. मला हा योग फार बोलका वाटतो. बेस मिळतो तो दुखापतीची भरपाई म्हणून नाही. बॅटरला त्याच्या जागेवरून हुसकावलं, त्याचा तो दंड आहे. म्हणूनच चेंडू नुसता जर्सीला चाटून गेला तरी बेस मिळतो, आणि टप्पा पडून लागला तरीही मिळतो.

बेसबॉलमधूनच निघालेल्या सॉफ्टबॉलचा जन्मही १८८७ चाच. शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये जॉर्ज हॅनकॉक आणि मित्रांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह बांधून त्याचा चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली. पुढे चेंडू टणक झाला, नाव मात्र सॉफ्टच राहिलं. आज महिलांच्या फास्ट पिच या वेगवान प्रकारात पिचर ४३ फुटांवरून हात खालून फिरवूनच, पण वरच्या पातळीवर ताशी १०० किलोमीटरहून जास्त वेगाने चेंडू टाकते. बॅटरला अर्धा सेकंदही मिळत नाही. स्लो पिच या संथ प्रकारात चेंडू कमान घेत येतो, बाजूला व्हायला पुरेसा वेळ असतो. तिथे अंगाला लागल्याबद्दल बेस दिलाच जात नाही.

फुकट बेस मिळतो म्हटल्यावर मुद्दाम लागून घेणारेही निघाले. बाल्टिमोरच्या ह्यूई जेनिंग्सला १८९६ च्या एका हंगामात ५१ वेळा चेंडू लागला. मोठ्या लीगमधला तो विक्रम आजही टिकून आहे. अशांना आवर घालायला 'चेंडू चुकवायचा प्रयत्न दिसला पाहिजे' ही अट आली. आता सॉफ्टबॉलच्या अनेक नियमावल्यांनी ती सैल केली आहे: मुद्दाम अंग पुढे केलं नाही, एवढं पुरतं. मला हे योग्य वाटतं. तेरा-चौदा वर्षांची मुलगी वेगवान चेंडू पाहून जागीच थिजली, तर तो तिचा गुन्हा कसा?

सगळ्यात जास्त तक्रारी असतात त्या हाताच्या. "हात बॅटचाच भाग धरतात" असं मैदानावर सर्रास ऐकू येतं, आणि ते साफ चूक आहे. १८९० च्या दशकात हात आणि कोपरापुढचा भाग या नियमातून वगळलेला असायचा, चेंडू नुसता डेड व्हायचा, म्हणजे खेळ तिथेच थांबायचा. पुढे ती सूट गेली. हात आता शरीराचाच भाग. मुलगी बोटं झाडत "सर, लागलं ना मला!" म्हणते, तरी पंच स्ट्राइक, म्हणजे बॅटरची एक संधी गेल्याचा निकाल, देतात, कारण तिने बॅट फिरवलेली असते. तो तिसरा स्ट्राइक असेल तर ती बाद. चेंडू स्ट्राइक झोनमध्ये, म्हणजे प्लेटवरच्या मारण्याजोग्या पट्ट्यात, असताना लागला तरी स्ट्राइकच. दोन्ही वेळा चेंडू डेड, कुणी पळायचं नाही. बेस मिळाला तरी पुढच्या धावपटूंपैकी ज्यांना जागा सोडावी लागते तेवढेच सरकतात.

बेस दिल्याने डोकं वाचत नाही हेही खरं. १९२० मध्ये न्यूयॉर्कमध्ये पिचर कार्ल मेजचा चेंडू डोक्याला लागून क्लीव्हलंडचा बॅटर रे चॅपमन दुसऱ्या दिवशी गेला. तरीही हेल्मेट सक्तीचं व्हायला अनेक दशकं गेली. आपल्याकडे शाळेच्या सरावातही हेल्मेटशिवाय कुणाला प्लेटजवळ उभं करू नये.

आणखी एक गोष्ट मैदानाची. बॅटरचा बॉक्स ७ फूट लांब, ३ फूट रुंद, प्लेटपासून ६ इंचांवर. बॅटरची जागा कुठवर, हे या रेषाच सांगतात. आपल्या मातीच्या मैदानांवर दोन इनिंगमध्येच त्या पायाखाली पुसून जातात आणि पंचाला अंदाजाने निकाल द्यावा लागतो. इनिंग बदलताना कुणीतरी फक्कीचा डबा घेऊन बॉक्स पुन्हा आखून द्यावा, एवढं तर प्रत्येक संयोजकाला सहज जमतं.