प्रादेशिक पुनरुज्जीवन प्रकल्पांतील शाश्वतता आणि समता

खाणी, पोलाद कारखाने किंवा गोद्या बंद पडून उतरती कळा लागलेले प्रदेश सार्वजनिक पैशातून पुन्हा उभे करताना पर्यावरणरक्षण आणि समान संधी यांचा विचार वेगळी योजना म्हणून न करता प्रत्येक प्रकल्पाच्या आखणीत, निविदेत, उभारणीत आणि मूल्यमापनात करण्याची पद्धत. या पद्धतीला सर्वांत ठळक कायदेशीर रूप युरोपीय संघाच्या निधिव्यवस्थेत मिळाले. रस्ता असो, औद्योगिक वसाहत असो की कौशल्यप्रशिक्षण, सर्वांना सारखीच लागू होणारी म्हणून तेथे पर्यावरणरक्षण आणि समान संधी यांना सर्वस्पर्शी तत्त्वे मानले जाते.

युरोपीय प्रादेशिक विकास निधी १९७५ मध्ये स्थापन झाला, तेव्हा भर प्रामुख्याने गुंतवणूक आणि रोजगार यांवर होता. १ मे १९९९ रोजी अंमलात आलेल्या ॲम्स्टरडॅम तहाने स्त्री-पुरुष समानता आणि पर्यावरणरक्षण ही दोन्ही उद्दिष्टे संघाच्या सर्व धोरणांत समाविष्ट करण्याचे बंधन घातले. २००७–२०१३ या कालखंडातील निधीसाठीच्या विनियमाने, म्हणजे संघाच्या बंधनकारक नियमावलीने, वंश, धर्म, अपंगत्व, वय आणि लैंगिक कल यांवरून होणारा भेदभावही कक्षेत आणला व अपंगांसाठीची सुगम्यता ही प्रकल्प ठरवताना पाळावयाची एक कसोटी मानली. २०२१–२०२७ च्या विनियमात त्यांच्या जोडीला हवामानबदलाविषयीचा पॅरिस करार आणि पर्यावरणाला लक्षणीय हानी न पोहोचवण्याचे तत्त्व आले. किमान पाच वर्षे टिकणे अपेक्षित असलेली पायाभूत सुविधा बदलत्या हवामानात टिकेल का, हे निधी देण्याआधी पाहणेही आता आवश्यक आहे.

व्यवहारात या तत्त्वांचे भवितव्य बहुधा प्रश्न कोणत्या टप्प्यावर विचारला जातो यावर ठरते. बंद खाणीच्या जागेवर औद्योगिक वसाहत उभारायची असेल, तर अर्जातील ‘समानता’ या रकान्यात दोन सफाईदार परिच्छेद लिहिणे कोणालाही जमते, आणि एकाच सल्लागाराच्या अर्जांत तेच परिच्छेद शब्दशः आढळले तरी नवल नाही. खरा फरक जागा निवडतानाच पडतो. रात्रपाळी सुटल्यावर बस मिळते का, थांब्यापासून फाटकापर्यंत दिवे आणि पदपथ आहेत का, जवळपास पाळणाघर आहे का, यांवर ज्यांच्याकडे मोटार नाही त्यांना, विशेषतः स्त्रिया आणि तरुणांना, तेथील नोकरी पत्करता येईल की नाही हे ठरते. पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याची सोयही आराखड्यातच करावी लागते, कारण डांबर पडल्यावर ती करायला कितीतरी अधिक खर्च येतो. म्हणूनच अनुभवी निधिव्यवस्थापक या अटी अर्जात न ठेवता निविदेच्या व कराराच्या कलमांत घालतात आणि खर्चाची परतफेड त्यांच्या पूर्ततेशी जोडतात.

पैशाशी जोडलेली अट किती परिणामकारक ठरते, हे पोलंडमध्ये दिसले. २०१९ पासून तेथील काही प्रादेशिक विधानसभांनी समलिंगी व पारलिंगी व्यक्तींविरोधी ठराव केले होते. सप्टेंबर २०२१ मध्ये संघाचा कारभार पाहणाऱ्या युरोपीय आयोगाने अशा प्रदेशांशी करोना महासाथीनंतरच्या वाढीव निधीबाबत चाललेली बोलणी थांबवली, तेव्हा त्याच महिन्यात श्वेन्तोक्शिस्कीसह चार प्रदेशांनी आपले ठराव मागे घेतले किंवा बदलले. याआधीच्या निषेधपत्रांनी हे साधले नव्हते.

मोजमापाची बाजू मात्र लंगडी आहे. युरोपीय लेखापरीक्षकांनी २०२१ मध्ये नोंदवले की संघाच्या अर्थसंकल्पीय प्रक्रियेत लिंगभाव समानतेचा पुरेसा विचार होत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की २०१४–२०२० मध्ये हवामानविषयक कृतीवर खर्च झाल्याचे सांगितलेल्या २१६ अब्ज युरोंपैकी किमान ७२ अब्ज फुगवलेले होते. या फुगवट्याचा मोठा भाग शेतीवरील खर्चाचा असला, तरी प्रादेशिक निधीही त्यातून सुटला नाही. प्रशिक्षणात किती स्त्रिया बसल्या हे मोजणे सोपे असते. त्यांना नंतर कोणत्या वेतनाचे काम मिळाले हे कळायला प्रकल्प संपल्यावरही माग काढावा लागतो, आणि तोवर प्रकल्पाचा कर्मचारीवर्ग पांगलेला असतो.

या संदर्भात ब्रिटनमधील वेल्सचे उदाहरण महत्त्वाचे आहे. कोळसा आणि पोलाद उद्योग ओसरल्यावर पश्चिम वेल्स आणि खोऱ्यांचा प्रदेश २००० पासून संघाच्या सर्वोच्च साहाय्यास पात्र ठरला. त्याआधीच १९९८ च्या कायद्याने वेल्सच्या विधानसभेवर शाश्वत विकास आणि समान संधी या दोहोंची जबाबदारी टाकलेली असल्याने ही तत्त्वे तेथे केवळ ब्रुसेल्सची, म्हणजे युरोपीय संघाची, अट राहिली नाहीत. २०१४–२०२० च्या कार्यक्रमांत दारिद्र्य व सामाजिक वगळणूक हा तिसरा विषय जोडला गेला, तर भावी पिढ्यांच्या कल्याणासाठीच्या २०१५ च्या कायद्याने सार्वजनिक संस्थांपुढे सात उद्दिष्टे ठेवली. अधिक समताधिष्ठित वेल्स हे त्यांपैकी एक. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर २०२२ मध्ये लंडनच्या सरकारने पर्यायी निधी सुरू केला. त्याचे नियम वेगळे असले, तरी तो वेल्समध्ये खर्च करणाऱ्या स्थानिक परिषदांना २०१५ चा कायदा लागू आहे.