माकड आधी चित्रकार होतं, मग परीक्षक झालं

माणसाचे कपडे घातलेल्या माकडांच्या चित्रांना ‘सँजरी’ म्हणतात. ‘सँज’ म्हणजे फ्रेंचमध्ये माकड. नाव फ्रेंच असलं तरी हा प्रकार फोफावला तो आजच्या बेल्जियममधल्या अँटवर्पमध्ये. तिथे पीटर व्हान डर बोर्ख्टची माकडांची छापचित्रं 1575च्या सुमारास गाजली. पुढच्या शतकात धाकट्या डेव्हिड टेनिअर्सने पत्ते खेळणारी, पाइप ओढणारी, पहाऱ्यावर बसलेली माकडं रंगवली.

पण माकडच का? ‘कला हे निसर्गाचं माकड’ असं एक जुनं लॅटिन वचन आहे. माकड नक्कल करतं, चित्रकारही नक्कलच करतो, एवढा साधा हिशोब. त्यामुळे पहिली टिंगल झाली ती चित्रकाराची, आणि तीही चित्रकारांनीच केली. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात टेनिअर्सचं चित्र काढणारं माकड आहे, तिथेच मूर्ती घडवणारंही आहे. फ्रेंच चित्रकार शार्दांने 1740च्या पॅरिस सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, चित्रकार माकड मांडलं. दरम्यान सरदारांच्या महालांत माकडं निव्वळ शोभेची झाली होती. फ्रान्समधल्या शांतीयीच्या गढीतलं क्रिस्तोफ युएचं 1737चं दालन देखणं आहे, पण त्यातला डंख बोथट झालाय.

तो डंख परत आणला फ्रेंच चित्रकार अलेक्झांद्र-गाब्रिएल दकांने. सालोंमध्ये कोणतं चित्र लागणार हे ठरवायचे फ्रेंच कला अकादमीचे सदस्य, आणि त्यांनी दकांची चित्रं नाकारली होती. 1837 साली त्याने ‘जाणकार’ रंगवलं. उंची कपड्यांतली माकडं एका निसर्गचित्राभोवती जमली आहेत आणि गंभीर चेहऱ्याने त्याची पारख करताहेत. इथे माकडाच्या हातून कुंचला गेला आणि निवाड्याचा अधिकार आला. मला या परंपरेतलं सर्वांत महत्त्वाचं वळण हेच वाटतं, कारण आता नक्कल करणारा आहे तो परीक्षक: दुसऱ्यांची मतं गिरवणारा.

डार्विननंतर अर्थ आणखी बदलला. म्युनिकचा चित्रकार गाब्रिएल फॉन मॅक्स घरात माकडं पाळायचा, त्यांचं तासन्‌तास निरीक्षण करायचा. त्याच्या 1889च्या ‘कलेचे परीक्षक’ या चित्रात माकडांच्या अंगावर कपडे नाहीतच. खोक्यावर दाटीवाटीने बसलेली तेरा माकडं सोनेरी चौकटीतलं चित्र बघताहेत. चेहरे इतके खरे, की एकेकाचा स्वभाव ओळखू यावा. ती बघताहेत ते चित्र मात्र मॅक्सने आपल्याला दाखवलेलं नाही. दिसते ती फक्त चौकट.